जबड्यांवरची बाग

८ जानेवारी

आमच्या रॉक गार्डन मंडळाच्या चिटणिसांचा नियमच आहे, की बी पेरणाऱ्याने वही ठेवायची. कुठलं बी, कधी पेरलं, कधी उगवलं, का मेलं. म्हणून ही वही. पस्तीस वर्षं दातांच्या कवळ्या केल्या, तेव्हाही वही होतीच. कोणाचा जबडा, वरचा की खालचा, कधी द्यायचा. आता दवाखानेवाले कवळ्या मशीनवर करून घेतात. घरामागच्या माझ्या पत्र्याच्या खोलीला कुलूप लागलं आणि हात रिकामे झाले. रिकामे हात मला सोसत नाहीत, म्हणून हा रॉक गार्डनचा उद्योग. डोंगरावर दगडांच्या फटीत वाढणारी ठेंगणी फुलझाडं, तीही बियांपासून. रोपं विकत आणून लावणं म्हणजे दुसऱ्याने केलेली कवळी आपल्या नावावर खपवणं.

आज मंडळाकडून सव्वीस पाकिटं आली. वहिनीने एक उघडून उजेडात धरलं आणि म्हणाली, "वन्सं, तुम्हाला गंडवलं. रिकामी आहेत."

मी काळा कागद पसरला, चिमट्याने एकेक दाणा काढून दाखवला. खसखशीहूनही बारीक. ती म्हणाली, "यातून झाड येणार? शिंक आली तर वर्षाची मेहनत गेली." मग खरंच पदर तोंडावर धरून बसली. नाटकी आहे.

दुपारी तिच्या चिरंजिवांचा फोन. माझा भाचा, पण मी त्याला चिरंजीवच म्हणते, त्याचा थाट तसा आहे. सप्टेंबरात येऊन आईला घेऊन जाणार. कायमची. खोली रंगवून तयार आहे. दादाला जाऊन तीन वर्षं झाली, आता आईने एकटं का राहायचं, असं म्हणाला. एकटं! मी काय कोनाड्यात ठेवलेली आहे?

फोन माझ्या हातात आला तेव्हा मी "छान" म्हटलं. त्याचीच आई, मी कोण मध्ये बोलणारी.

फोन ठेवल्यावर वहिनीने विचारलं, "वन्सं, तुम्हाला एकटीला जमेल ना?"

"न जमायला काय झालं!" मी म्हटलं.

१२ जानेवारी

पेरणी झाली. कुंड्या म्हणून कवळ्या भिजत ठेवायचे प्लास्टिकचे डबे घेतले, शेकड्यांनी पडून होते. बुडाला तापल्या सळईने भोकं पाडली. या झाडांना म्हणे चुनखडीची, दगडी माती आवडते. मग जुने प्लास्टरचे साचे कुटून, चाळून, मैद्यासारखी पूड केली आणि मातीत निम्मी मिसळली. डबे भरले आणि प्लास्टर हलवायच्या जुन्या मशीनवर एकेक डबा ठेवून थरथरवला. कवळीच्या साच्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दात खोटा बसतो. इथे मी एक बुडबुडा ठेवला नाही. वरचा पृष्ठभाग असा गुळगुळीत, की चिटणिसांनी बघावं.

बावीस डबे झाले आणि चाळलेली पूड संपली. मी आणखी कुटायला गेले, तेवढ्यात वहिनीने उरलेले चार डबे तिथल्याच खड्यांनी आणि मातीने मुठीने भरून टाकले. ना चाळणी, ना मशीन. वर अंगठ्याने दाबलं, झालं. मी कपाळावर हात मारला. "अगं, हे काय, रस्त्यावरचा खड्डा भरतेस?" बी मात्र मीच टाकलं. असू दे, चार डबे गेले तर गेले.

प्रत्येक पाकिटातलं अर्धं बी मागे ठेवलंय. पहिली कवळी नीट बसेलच असं धरून मी कधी चालले नाही.

२० जानेवारी

बियांना सहा आठवडे थंडी लागते, नाहीतर त्यांना हिवाळा आला-गेला हे कळत नाही. त्यामुळे सव्वीस डबे फ्रिजमध्ये. खालचे दोन कप्पे माझे. वहिनीची लिंबं खिडकीत गेली, दुधाचं भांडं दारात कसंबसं. मला वाटलं आता तोफ सुटणार. ती नुसतं म्हणाली, "सप्टेंबरनंतर सगळा फ्रिज तुमचाच आहे."

मी म्हटलं, "हो, तेव्हा बरं पडेल."

मग ती बराच वेळ लिंबं पुसत बसली. पुसलेलीच होती.

६ मार्च

डबे बाहेर काढले. खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने. काही नाही.

१९ मार्च

काही नाही. भिंग लावून बघितलं. वहिनी म्हणते मी दर तासाला असं वाकून बघते, की बी लाजत असेल.

४ एप्रिल

उगवलं! पण बघा आता. माझ्या बावीस डब्यांत चिटपाखरू नाही, वर हिरवट बुरशी मात्र आहे. आणि वहिनीने मुठीने भरलेल्या चारांपैकी तीन डब्यांत हिरवे ठिपके. डायँथसचे, म्हणजे कार्नेशनच्या ठेंगण्या भावंडाचे, अकरा, खडकाच्या फटीत वाढणाऱ्या एका सॅक्सिफ्राजाचे चार, आणि तिसऱ्या डब्यातल्याचं नाव पुसलं गेलंय. तिचे डबे खिडकीच्या उजव्या कडेला होते, तिथे ऊन जास्त येतं. त्यामुळे असेल.

"तुझ्या हाताला गुण आहे," मी म्हटलं. बोलून गेले खरं. ती इतकी लाल झाली, की जणू तिला कोणी कधी काही चांगलं म्हटलंच नाही. म्हटलंय की. दादा म्हणायचा. मी म्हटलंय का ते आठवत नाही.

११ एप्रिल

चिटणीस येऊन गेले. पोस्टातून निवृत्त झालेले, बोलायला गोड, पण डोळा करवतीसारखा. माझा एक डबा उलटा करून त्यांनी हातावर मारला. आतून पांढरी, ओली, घट्ट वडी निघाली. थेट साबण.

"बाई, हे काय कालवलंत?"

मी सांगितलं. पूड, चाळणी, मशीन. बुडबुडे कसे काढले तेही अभिमानाने सांगितलं. ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

"बुडबुडे काढलेत? अहो, मुळं त्या बुडबुड्यांतच तर श्वास घेतात. डोंगरावरचं झाड, त्याला पाणी पडलं की वाहून जायला हवं. तुम्ही सगळ्यांना बुडवून मारलंत. आणि या तीन डब्यांना मशीन नव्हती वाटतं?"

वहिनी दारात उभी होती.  दात काढत होती, मला दिसलं. खरे बत्तीस आहेत अजून बाईचे, मिरवते.

रात्रभर चुटपुट लागेल असं वाटलं होतं, पण संध्याकाळीच हसू आलं. पस्तीस वर्षांची हुशारी आणि बावीस मुडदे. ऊन-बीन काही नाही, मुठीनेच जिंकलं.

१४ एप्रिल

मागे ठेवलेलं बी पेरलं. डबे वहिनीने भरले, तिच्या पद्धतीने. मी फक्त चिमटा चालवला. ज्यांना थंडी हवी ते पुन्हा फ्रिजमध्ये. लिंबं पुन्हा खिडकीत. तिसऱ्या डब्यातल्या बेनाव रोपांना वहिनी "पाव्हणे" म्हणते.

२७ मे

मागच्या अंगणात रोपांसाठी दगडांचा ढीग रचायचा ठरलाय. दगड विकत कशाला आणायचे, खोलीत साडेतीनशे जबडे, म्हणजे गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे, पडलेत. पूड नको, आता शहाणी झालेय. अक्रोडाएवढे तुकडे. ते कडक गुलाबी प्लास्टरचे साचे पाण्यालाही दाद देत नाहीत.

मी हातोडा घेऊन बसले. वहिनी एकेक साचा हातात घेणार, उलटा करून खालचा नंबर वाचणार, मग मला देणार. अशाने चार महिने लागतील.

"लवकर कर गं. तुला काय कळतंय त्या नंबरांतलं?"

"बघते नुसती. हा कोणाचा?"

"बँकेतल्या मॅनेजरचा. बोलताना कवळी वाजायची, तीनदा परत आणली."

"आणि हा?"

अख्खं गाव तिच्या हातातून माझ्या हातोड्याखाली गेलं. शाळेच्या मुख्याध्यापिका, दोन वकील, एक गायक ज्याचा "स" सुटायचा. इतकं हसलो, की शेजारीण कुंपणावरून डोकावली. तिला खरं सांगितलं, तर तिने स्वतःच्या सासूचा नंबर विचारला आणि तो मधोमध, सगळ्यात खाली घाला म्हणाली.

२९ मे

कवळ्यांच्या जुन्या वहीशी ताडून पाहिलं. एकशे बारा सापडला नाही. दादाचा. मागेच कधी फुटला असेल. त्याचा मी फोडणार नव्हतेच, बाजूला ठेवायचा होता. जरा वाईट वाटलं. वहिनीला विचारलं, ती म्हणाली, "असेल कुठेतरी," आणि चहा टाकायला गेली.

१८ जुलै

ढिगावर रोपं लावली. एकूण त्रेचाळीस जगली. दात कोरायच्या हत्याराने मुळं सोडवायची, फटीत सरकवायची, भोवती गुलाबी खडे. या कामात माझा हात कोणी धरणार नाही. वहिनी खडे ठेवते, मी रोप धरते. साडेतीन तास दोघीही उकिडव्या. उठताना एकमेकींना धरून उठलो, नाहीतर तिथेच मुळं धरली असती.

लग्न होऊन आली तेव्हा ती तेवीस वर्षांची, मी पंचवीसची. दादाची बायको म्हणून मी वहिनी म्हणायला लागले, पण वयाने मीच मोठी म्हणून तिला अहो-जाहो कधी केलं नाही. पहिली दहा वर्षं आमचं फारसं पटलं नाही. पुढची दहा भांडण्यात मजेत गेली. त्यानंतरच्या वीस वर्षांत काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण काही झालंच नाही. सकाळ झाली की ती होती.

२२ ऑगस्ट

वहिनीने कपाट आवरायला काढलंय. जुन्या साड्या एकीकडे, न्यायच्या एकीकडे. मध्येच विचारते, "हा दिवा तिथे नेऊ की तुम्हाला लागेल?" मी म्हटलं, ने, मला काही लागत नाही.

झाडांबद्दल नवीन काही नाही. पण ही वही माझीच आहे, मी काय वाटेल ते लिहीन. मला ती जायला नकोय. लिहिलं. बास.

तिला सांगणार नाही. मुलाने हौसेने खोली रंगवली आहे, आणि तिलाही तिकडे जावंसं वाटतंय, नाहीतर एकदा तरी म्हणाली असती. माझ्यासाठी अडून राहिली तर जन्मभर उपकाराखाली राहीन. मला उपकार पचत नाहीत.

२० सप्टेंबर

उद्या चिरंजीव येणार. वहिनीची बॅग मी भरायला घेतली. तिला घड्या घालता येत नाहीत, नुसतं कोंबते. दोन डबे बरोबर देतेय, एक सॅक्सिफ्राजाचा, एक पाव्हण्यांचा. सोबत सूचना, दोन पानं. पाणी कडेने घालणे. बुडाला साचू देऊ नये. सकाळचे ऊन द्यावे, दुपारचे नको. रोपांशी बोलावेसे वाटल्यास बोलावे, पण वाकून श्वास सोडू नये.

बॅगेच्या तळाशी टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं लागलं. उलगडलं. गुलाबी साचा, खाली माझ्याच अक्षरात एकशे बारा.

तर ती नंबर वाचत होती ती यासाठी. दोन दिवस, साडेतीनशे जबडे उलटे करून. मी मात्र तिला हळू म्हणून बोलत होते. दादा जणू माझ्या एकटीचाच भाऊ होता आणि तिचा कोणी नव्हता, अशीच वागले मी तीन वर्षं. टॉवेल होता तसा गुंडाळला, वर साड्या रचल्या. खूप रडू आलं, ते बॅगेवर बसून रडून घेतलं. तेवढ्यात चेनही लागली.

२१ सप्टेंबर

गेली. गाडीत बसताना पुन्हा तेच, "वन्सं, जमेल ना?"

"जमेल गं. जा तू," मी म्हटलं.

चिरंजीव चांगला वागला. मला वाकून नमस्कार केला, डबे स्वतः सांभाळून ठेवले. त्याला दोष द्यायला काही जागाच ठेवली नाही त्याने.

२५ सप्टेंबर

ढिगाला पाणी. एका डायँथसला कळी आहे. पेरल्या वर्षीच.

दूधवाल्यावर उगाच ओरडले. तो म्हणाला, "ताई, दूध तेच आहे." बरोबर आहे, तेच आहे.

२८ सप्टेंबर

फ्रिज सगळा माझाच आहे. लिंबं पुन्हा आत ठेवली. ठेवून दार लावलं, मग उघडलं, काढून खिडकीत ठेवली.

१ ऑक्टोबर

फूल आलं. रुपयाएवढंही नाही. गडद गुलाबी, पाच पाकळ्या, मध्ये पांढरे ठिपके. आणि पाकळ्यांच्या कडा दातेरी! कातरल्यासारख्या, एकसारख्या, सगळे दात सारख्या उंचीचे. असं काम मला साऱ्या आयुष्यात एकदा-दोनदाच जमलं असेल. गायकाच्या जबड्याच्या तुकड्याला टेकून उभं आहे बिचारं.

इकडे तिकडे बघितलं. सांगायला कोणी नाही. शेजारीण गावाला गेलीय. मग सरळ फोन लावला.

"डायँथसला फूल आलंय," मी म्हटलं. "तू मुठीने भरलेल्या डब्यातलं."

 वहिनीने विचारलं, "कसं आहे?"

मी सगळं सांगितलं. दातेरी कडाही सांगितल्या. ती म्हणाली, "मला दिसलं असतं तर किती बरं झालं असतं. किती दिवस टिकतं हो?"

"चार दिवस," मी म्हटलं.

चार कुठून आले कोणास ठाऊक. पुस्तकात आठवडाभर लिहिलंय. मला फोनवर हिशेब जमत नाही.

३ ऑक्टोबर

दुपारी फाटकाची कडी वाजली. वहिनी! बसने, सहा तास, एकटी. हातांत माझे दोन्ही डबे, पदरात लिंबं, आणि मागे रिक्षावाला तिची मोठी बॅग ओढतोय.

"फूल आहे का अजून?" आल्या आल्या हेच. चप्पलही काढली नाही. ढिगाशी जाऊन बसली, बघत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. चांगली वाळली आहे दहा-बारा दिवसांत.

"एका फुलासाठी सहा तास बसमधून! वेडी आहेस का?" मी म्हटलं. "आणि फूल बघायला एवढी मोठी बॅग कशाला?"

"तिथे डब्यांना ऊन मिळेना," ती म्हणाली. "सकाळी समोरच्या इमारतीची सावली, दुपारी नको तेवढं ऊन. तुमच्या सूचनेत तसं चालणार नाही म्हटलंय."

"म्हटलंय खरं," मी म्हटलं. "पण चिरंजीव काय म्हणाला?"

"चिडला आधी. मग त्यानेच बसमध्ये बसवून दिलं. महिन्यातून एकदा मी जायचं, एकदा त्याने यायचं, असं ठरलंय. खोली राहू दे म्हणाला. त्याला म्हटलं, राहू दे, पाहुण्यांना होईल."

डबे तपासले. ऊन न मिळालेल्या रोपांसारखे मुळीच दिसत नाहीत. पाव्हण्यांना तर दोन नवी पानं आहेत. मी डबे खिडकीच्या उजव्या कडेला ठेवून दिले.

९ ऑक्टोबर

फुलाची आज शेवटची पाकळी गळली. नऊ दिवस टिकलं. वहिनीने कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले आणि माझ्याकडे बघितलं.

"चार म्हणाला होतात."

"चुकलं असेल," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली. दिवसभर अधूनमधून हसत होती.

३ डिसेंबर

मंडळाची नवीन यादी आली. पुढच्या वर्षीचं बी. पंधरा नंबरांवर खुणा करून चिटणिसांकडे पाठवायच्या. मला वाटलं, या वर्षी तिला करू दे, तिच्या हाताला गुण आहे. मी बाजारात जाऊन येईपर्यंत तिने खुणा करून ठेवल्या होत्या. चष्मा लावून वाचायला बसले.

पहिला नंबर, डोंगरी ट्युलिप. बियांपासून फुलायला पाच वर्षं. दुसरा, सायक्लामेन, तीन वर्षं. तिसरा, चौथा, सातवा, सगळे तसलेच. एक सॅक्सिफ्राज तर सहा-सात वर्षं नुसता पानांचा गोळा होऊन बसतो, मग एकदा फुलतो. पंधराच्या पंधरा. यादीत पहिल्या वर्षी फुलणारे चाळीस नंबर होते, त्यांच्यावरून तिची पेन्सिल सरळ पुढे गेली होती.

"वहिनी, अगं वाचलंस का नीट? यातलं एकही पुढच्या वर्षी फुलत नाही."

"वाचलं," ती म्हणाली. लिंबं पुसत होती.

"पाच-सात वर्षं! किती वयाच्या असू आपण, काही हिशेब?"

"केला. पाच वर्षांनी तुम्ही सत्तर, मी अडुसष्ट. सातव्या वर्षी बहात्तर आणि सत्तर. जमेल की. न जमायला काय झालं?"

 चष्मा काढून पुसला, काच स्वच्छच होती. मग पेन घेऊन अर्जाखाली सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिलाही करायला लावली.